गावकीची खोली आणि गावाची वाट

आपल्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार होत असता, मुंबईकर मंडळींच्या वर्गणीचे मूळ कोठे आहे हे नव्या पिढीस सांगणे अगत्याचे वाटते. ते मूळ काळाचौकी, लालबाग, परळ येथील चाळींच्या खोल्यांत आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, भोंगे वाजू लागले आणि कोकणातली व घाटावरची गावेच्या गावे रिकामी होऊन गिरणगावात आली. एकट्याच्या पगारात बिऱ्हाड परवडत नसे. तेव्हा एका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी, प्रत्येकाची एक पेटी व एक वळकटी, जेवण खानावळीत, अशी रीत पडली. रातपाळीचा गडी उठला की दिवसपाळीच्याने तेथेच पाठ टेकावी. हीच गावकीची खोली. गावचे पत्र तेथे वाचले जाई, नव्या मुलाच्या नोकरीची खटपट तेथून होई, भजन तेथे रंगे आणि देवळाची वर्गणीही तेथेच ठरे.

खोलीइतकेच महत्त्व वाटेला होते. १९०७ पासून मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी ती शेवटची धावली. कोकणात जाणारा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जाई. ही वाट जोखमीची होती. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे दगावली. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. सुटली आणि पुढे ती खेडोपाडी पोचली. १९९८ साली कोकण रेल्वेही पूर्ण झाली.

वाट सुधारली, परंतु खोली ओस पडली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. संपानंतर पुष्कळांना पुन्हा गिरणीत जाता आले नाही. कोणी गावी परतले, कोणी कळवा, डोंबिवली, विरार गाठले. रोज दिसणारी माणसे लग्नकार्यापुरती भेटू लागली.

आज चाळींचे पुनर्विकास होत आहेत. ज्या गावांची खोली अजून शिल्लक आहे, त्यांनी ती विकून पैसे वाटून घेण्यापूर्वी थोडा विचार करावा. डोंबिवलीकरास चिंचपोकळी वा करी रोड, नवी मुंबईकरास कॉटन ग्रीन, आणि विरारकरास दादरला गाडी बदलून पुन्हा चिंचपोकळीच सोयीचे पडते. म्हणजे पांगलेल्या माणसांना काळाचौकी आजही मध्यावरच आहे. वाटून घेतलेला पैसा घरोघर खर्चून जाईल. जागा मात्र पुन्हा मिळणार नाही. पुनर्विकासात मिळणारी जागा एकाच्या नावे न जाता सर्वांच्या लेखी संमतीने गावाकडे राहावी, महिन्याचा एक रविवार बैठकीस ठरवावा, आणि गणपतीस सर्वांनी मिळून एक एस.टी. ठरवून घ्यावी. एका गाडीतून नऊ-दहा तास प्रवास केलेली मुले एकमेकांना नावाने ओळखू लागतात.

देऊळ चिऱ्यांनी उभे राहते, पण त्याचा सभामंडप माणसांनी भरतो. तो भरलेला राहावा, एवढीच ग्रामस्थ बंधुभगिनींना नम्र विनंती.