फाटकावरचं तिकीट

माझी आत्या 1993च्या मे महिन्यात मुंबईला आली, तेव्हा आम्ही तिला राणीची बाग दाखवली, महालक्ष्मीला नेलं आणि तिसऱ्या दिवशी गोराईच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसवलं. खाडीपलीकडे एस्सेलवर्ल्ड. आत्याला कराड तालुक्यातल्या पालला दिलेली. खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची पौषातली यात्रा तिच्या दारातच भरायची, त्यामुळे गर्दीचं तिला अप्रूप नव्हतं. फाटकावर वडिलांनी सगळ्यांची तिकिटं काढली, तेव्हा ती म्हणाली, "माझं कशाला काढलंस? मी न्हाई बसायची कशात." वडिलांनी समजावलं, की हे बसण्याचं तिकीट नाही, आत जाण्याचं आहे. ती जरा थांबली आणि म्हणाली, "म्हंजे बघाय बी पैसं पडत्यात व्हय?"

आम्ही हसलो होतो. पुढे करमणुकीच्या इतिहासाची कागदपत्रं चाळताना लक्षात आलं, की या इतिहासातला कळीचा प्रश्न आत्याने फाटकावरच विचारला होता.

जत्रेत तिकीट रहाटपाळण्यापाशी घेतात. विहिरीवरच्या रहाटावरून ज्याचं नाव पडलं, तो हा पाळणा मुळात लाकडी चौकटीचा, चार पेट्यांचा आणि माणसाने हाताने रेटायचा. आता तो लोखंडी झाला, जनरेटरवर फिरू लागला, तरी पद्धत तीच. बसेल त्याने पैसे द्यावेत. खाली उभं राहून वर गेलेल्या मेहुण्याची टर उडवणाऱ्याला काही पडत नाही. असे पाळणे ही आपलीच मिरास होती असंही नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तुर्की अमलाखालच्या बल्गेरियात असाच पाळणा पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. शिकागोच्या 1893च्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने उभारलेला 264 फुटी पाळणा म्हणजे याच कल्पनेचा पोलादी अवतार. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसं मावत. विवेकानंदांचं गाजलेलं भाषण याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत झालं. त्यांनी तो पाळणा पाहिला असेल का, हा प्रश्न मला उगाचच छळतो.

कुंपण आलं त्यानंतर. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर पॉल बॉयटन या पट्टीच्या पोहणाऱ्याने 1895 मध्ये आपल्या खेळांभोवती कुंपण घालून फाटकावर पैसे घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षांनी जॉर्ज टिल्यूने तिथेच स्टीपलचेस पार्क काढलं. टिल्यूला शिकागोचा तो पाळणाच विकत हवा होता. तो मिळाला नाही, म्हणून त्याने लहान करवून घेतला. हा माणूस धंद्यात किती मुरलेला होता हे 1907 मध्ये दिसलं. त्या वर्षी पार्क जळून खाक झालं, आणि दुसऱ्या दिवशी धुमसते अवशेष पाहण्यासाठी त्याने दहा सेंटांचं तिकीट लावलं. बघायचेही पैसे पडतात, ते असे.

गंमत म्हणजे डिस्नेलँडने 1955 मध्ये दोन्ही रीती एकत्र केल्या. फाटकावर थोडं आणि मग प्रत्येक खेळाचं वेगळं कूपन. सगळ्याचं मिळून एकच तिकीट तिथे रूढ व्हायला 1982 साल उजाडलं.

भारतात हा प्रकार दिल्लीत आला. 1982च्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीच्या नावाने नोव्हेंबर 1984 मध्ये प्रगती मैदानावर अप्पू घर सुरू झालं. पाच वर्षांनी, 1989 मध्ये, सुभाष चंद्रांनी गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं. हरियाणातल्या हिसारहून आलेला, धान्याच्या व्यापारातून वर आलेला आणि टूथपेस्टच्या नळ्या बनवणारा हा उद्योजक. त्यांची झी वाहिनी यायला अजून तीन वर्षं होती. मुंबईकराला घराबाहेर काढण्याचा उद्योग आधी आणि घरात बसवण्याचा नंतर, हा क्रम मला मोठा बोलका वाटतो.

जागाही पाहण्यासारखी. मनोरी, गोराई, उत्तन ही गावं जुन्या धारावी बेटाची. मुंबईतल्या झोपडपट्टीशी या धारावीचा संबंध नाही. वसईच्या मोहिमेत, 1739 मध्ये, हे बेट मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं. इथे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची वस्ती, चहूकडे खारफुटी आणि भातशेती. तिथे जायचं ते मार्वे किंवा गोराईच्या धक्क्यावरून लाँचने, नाहीतर भाईंदरवरून मोठा वळसा घालून. खाडीने त्या सहलीला एक प्रवासाची चव दिली. चाळीतल्या पोराला दहा-पंधरा मिनिटांची ती लाँच म्हणजे परदेश. हूला लूप, झिपर डिपर, एंटरप्राइझ ही नावं शाळेच्या वर्गात इंग्रजीच्या धड्यांपेक्षा लवकर पाठ होत. 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. आणि 2009 मध्ये त्याच परिसरात, सुभाष चंद्रांनीच दान दिलेल्या जमिनीवर, विपश्यनेचा जागतिक पॅगोडा खुला झाला. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही, आत हजारो साधक बसतात, आणि प्रवेशाला पैसे नाहीत. किंकाळ्या आणि मौन अशी शेजारी-शेजारी.

अशी पार्कं बंद पडतात ती लोकांना कंटाळा आला म्हणून, असा समज आहे. मला तो अपुरा वाटतो. पार्काखाली जमीन असते आणि शहर वाढलं की ती जमीन पाळण्यापेक्षा महाग होते. अप्पू घर 2008 मध्ये बंद झालं आणि ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी गेली. मुंबईचा ओघ 2013 मध्ये खोपोलीजवळ निघालेल्या इमॅजिकाकडे वळला. तिथे लाँच नाही, द्रुतगती मार्ग आहे. एस्सेलवर्ल्डचं फाटक 2022 मध्ये बंद झालं. वॉटर किंगडम मात्र चालू राहिलं. जत्रेतल्या पाळण्याला जमिनीचा हा घोर नाही. यात्रा उलगली की तो खोलून ट्रकवर चढवतात आणि पुढच्या गावाला नेतात. गेल्या पौषात पालला गेलो, तेव्हा तारळी नदीच्या काठी तो फिरत होता.

आत्या त्या दिवशी खरंच कशात बसली नाही. एकमेकांना धडकणाऱ्या गाड्यांच्या कठड्याशी बसली, ती संध्याकाळच्या लाँचपर्यंत. आम्ही मधूनमधून येऊन भेळ, पाणी देऊन जायचो, तेव्हा ती हात हलवायची. नजर गाड्यांवरून काढायची नाही. पालला परतल्यावर तिने राणीची बाग सांगितली नाही, समुद्रही सांगितला नाही. माणसं मुद्दाम दुसऱ्याच्या गाडीवर गाडी घालतात, पुन्हा घालतात, आणि कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नाही, एवढंच ती सांगत राहिली. पालच्या स्टँडवर यावर कुणाचा विश्वास बसला नाही.