पाहुणे आणि बिऱ्हाडकरू : बर्लिनच्या नॉयकोल्नची गोष्ट

बर्लिनला जाणारा प्रवासी बहुधा ब्रांडेनबुर्ग दरवाजा, संग्रहालयांचे बेट आणि भिंतीचे उरलेले तुकडे पाहून परततो. आमचा काही आठवड्यांचा मुक्काम मात्र या मध्यभागापासून दूर, आग्नेयेच्या नॉयकोल्न भागात होता. या निवडीमागे काही मोठा अभ्यास होता, असा आव आम्ही आणणार नाही. भाडे परवडत होते, एवढेच खरे. रस्त्याकडची इमारत ओलांडून चौकात यावे आणि चौकापलीकडच्या मागच्या इमारतीचे तीन जिने चढावेत, तेव्हा आमची खोली येई.

बर्लिनमध्ये घरांना सहसा क्रमांक नसतात. मुख्य दारापाशी घंटांची पाटी असते आणि प्रत्येक बटणासमोर बिऱ्हाडकरूचे आडनाव. आमच्या दारावर तुर्की, अरबी, पोलिश आणि जर्मन आडनावे एकाखाली एक होती. काही छापील, काही हाताने लिहिलेली, तर काही जुन्या नावावर नवी पट्टी डकवलेली. त्या पाटीपुढे किल्ली शोधत उभे असताना आमच्या मनात आले, की या भागाचा इतिहास असाच, नावावर नाव चिकटवत लिहिला गेला असावा. पुढे जे वाचले आणि पाहिले, त्याने ही शंका बळावली.

कार्ल-मार्क्स-श्ट्रासे या गजबजलेल्या बाजाररस्त्यापासून काही मिनिटे चालले, की रिशार्डप्लात्स नावाचा चौक लागतो. फरसबंदी, बुटकी घरे, मधोमध एक जुनी लोहारशाळा. महानगरात आपण एका खेड्यात शिरलो, असे वाटते आणि ते खरेही आहे. या खेड्याची सनद १३६० सालची. त्याचे नाव रिशार्ड्सडॉर्प, पुढे रिक्सडॉर्फ. मात्र त्याची खरी कथा १७३७ साली सुरू होते. बोहेमियात कॅथलिक सत्तेने प्रोटेस्टंटांचा छळ मांडला होता. तिथून निसटलेल्या अठरा कुटुंबांना प्रशियाचा राजा पहिला फ्रीडरिश विल्हेल्म याने येथे जमीन दिली. राजा धर्मबंधूंना आश्रय देत होता हे खरे, पण त्याला आपल्या विरळ वस्तीच्या मुलखात कष्टाळू शेतकरी आणि विणकरही हवे होते. आश्रय आणि गरज यांची अशी सांगड या भागात पुढेही पुन्हा पुन्हा दिसते.

हे बोहेमियन मूळ खेड्यात मिसळले नाहीत. त्यांची वेगळी वस्ती झाली आणि एकाच नावाची दोन खेडी शेजारी शेजारी नांदू लागली : जर्मन रिक्सडॉर्फ आणि बोहेमियन रिक्सडॉर्फ. बोहेमियनांची शाळा वेगळी, प्रार्थना चेक भाषेत, १७५१ पासून दफनभूमीही स्वतःची. तिथल्या जुन्या शिळांवर आजही चेक अक्षरे वाचता येतात. दोन्ही खेड्यांचा कारभार एक व्हायला १८७४ साल उजाडले, म्हणजे आगमनानंतर १३७ वर्षे गेली. 'बाहेरून आलेले लोक मिसळत नाहीत' अशी तक्रार आज ज्या भागाबद्दल केली जाते, त्याच भागातील सर्वांत प्रतिष्ठित, सर्वांत 'मूळचे' समजले जाणारे लोक एके काळी पिढ्यान्‌पिढ्या आपली भाषा आणि आपली वेस सांभाळून होते. त्यांनी कोणाचे वाईट केले, असे इतिहास सांगत नाही.

एकीकरणानंतर खेडे खेडे राहिले नाही. बर्लिनच्या कारखान्यांना माणसे हवी होती आणि माणसांना स्वस्त खोल्या. चौकामागे चौक असलेल्या चाळवजा इमारती उठल्या. १८९९ मध्ये रिक्सडॉर्फला शहराचा दर्जा मिळाला. १९०० च्या सुमारास तेथे ९० हजार लोक होते, तर १९१० मध्ये सुमारे २ लाख ३७ हजार. कामगारांच्या वस्तीबरोबर बियरशाळा आणि नाचघरे आली. रिक्सडॉर्फमधल्या मौजमजेवर रचलेले एक गाणे साऱ्या बर्लिनच्या तोंडी बसले. नगरातील प्रतिष्ठितांना ही कीर्ती बोचू लागली. चांगल्या घरचे भाडेकरू आणि करदाते अशा नावाच्या गावी येणार कसे? शेवटी २७ जानेवारी १९१२ रोजी, सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या वाढदिवशी, रिक्सडॉर्फचे नाव नॉयकोल्न झाले. गंमत अशी, की त्याच १९१२ साली बोहेमियन वंशजांनी आपल्याला आश्रय देणाऱ्या राजाचा पुतळा उभारला. एकीकडे कृतज्ञतेचे स्मारक उभे राहत होते आणि दुसरीकडे ज्या गावात आश्रय मिळाला, त्याचे नाव पुसले जात होते. नाव बदलल्याने चाळींतील दाटी कमी झाली नाही की नाचघरेही ओस पडली नाहीत. आठच वर्षांनी, १९२० मध्ये, नॉयकोल्न बृहद्‌बर्लिनमध्ये विलीन झाले.

नावांची ही हौस रस्त्यांनाही चुकली नाही. आमच्या मुक्कामाजवळून जाणारा झोनेनअले, म्हणजे 'सूर्यपथ', हा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या शहराकडच्या भागाला सम्राट फ्रीडरिशचे नाव होते. नाझी राजवटीत त्या रस्त्याला हिटलरच्या जन्मगावावरून ब्राउनाउचे नाव मिळाले. युद्धानंतर, १९४७ मध्ये, 'सूर्यपथ' रूढ झाला. आज बर्लिनमधील अरबी भाषक त्याला 'अरबांचा रस्ता' म्हणतात आणि हे नाव कोणत्याही नगरसभेने ठरवलेले नाही. २०२१ मध्ये याच भागातील एका रस्त्यावरून विसमान या वसाहतकालीन गव्हर्नराचे नाव काढून टांझानियाच्या राजकारणी लुसी लामेक यांचे नाव देण्यात आले. हा बदल १९१२ च्या बदलाहून निराळा आहे, असे आम्हांस वाटते. तेव्हा लोकांना झाकायचे होते, आता ज्यांना झाकले होते त्यांची आठवण जागवायची आहे.

पण झाकलेले सारेच अजून उघडे झाले आहे, असे नाही. हर्मानश्ट्रासेवरील एका दफनभूमीत १९४२ ते १९४५ या काळात सक्तमजुरांची छावणी होती. सोव्हिएत प्रदेशातून उचलून आणलेली सुमारे शंभर माणसे तेथे कोंडली होती आणि बर्लिनच्या दफनभूमींत थडगी खणण्यास जुंपली होती. ही छावणी सैन्याची नव्हे, कारखान्याचीही नव्हे. ती बर्लिनच्या चर्चमंडळ्यांनी मिळून चालवली होती. ही गोष्ट चव्हाट्यावर यायला २००० साल उजाडले. धर्मासाठी परागंदा झालेल्यांना ज्या गावाने जमीन दिली, त्याच गावात धर्मसंस्थेनेच माणसे कोंडून राबवावीत, यावर आमच्याजवळ भाष्य नाही.

आता तुर्कांकडे वळू. नॉयकोल्नमध्ये तुर्क १९६१ नंतर आले, असे सर्रास म्हटले जाते. परंतु कोलंबियाडाम रस्त्यावरील मुस्लिम दफनभूमी वेगळे सांगते. १७९८ मध्ये उस्मानी दूत अली अझीझ एफेंदी बर्लिनमध्ये निवर्तले. हे गृहस्थ कथालेखकही होते. त्यांच्या दफनासाठी प्रशियाच्या राजाने जमीन दिली आणि १८६६ मध्ये ती थडगी आजच्या जागी हलवण्यात आली. २००५ मध्ये पूर्ण झालेली शेहितलिक मशीद याच आवारात उभी आहे.

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला, तेव्हा बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम अडीच महिने झाले होते. पूर्वेकडून रोज येणारे कामगार एका रात्रीत तुटले होते. नव्या कामगारांसाठी जर्मन भाषेत जो शब्द रुळला, त्याचा अर्थ 'पाहुणे-कामगार' असा होतो. पाहुणा म्हटला की तो परत जाणार, हे त्यात गृहीत आहे. १९७३ मध्ये भरती थांबली. एकदा गेले तर परत येता येणार नाही, या भीतीने अनेकांनी उलट बायकामुलांना बोलावून घेतले आणि पाहुणे बिऱ्हाडकरू झाले. १९७५ मध्ये क्रॉइत्सबेर्ग, वेडिंग आणि टिअरगार्टन या भागांत परदेशी लोकांना नव्याने राहावयास बंदी झाली. शेजारचे नॉयकोल्न त्या यादीत नव्हते. त्याच वर्षी लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि तेथून लेबनीज व पॅलेस्टिनी निर्वासित पूर्व बर्लिनमार्गे येऊ लागले. त्यांतील पुष्कळांना वर्षानुवर्षे केवळ 'सहन केलेले' अशा अर्थाचा कागद मिळे. राहण्याची मुभा, पण काम करण्याची नाही. २०१५ नंतर सीरियाचे लोक आले आणि सूर्यपथावर दमास्कसची मिठाई मिळू लागली.

ज्यांना काम करू दिले नाही, त्यांची मुले पुढे 'बेकार' म्हणून हिणवली गेली. २००६ मध्ये येथील र्‍यूटली शाळेच्या शिक्षकांचे हतबलतेचे पत्र प्रसिद्ध झाले आणि नॉयकोल्न हे नाव देशभर अपयशाचे दुसरे नाव ठरले. १९१२ मध्ये रिक्सडॉर्फचे जे झाले, तेच नव्या नावाचे झाले. या वेळी नाव बदलले नाही. त्या शाळेभोवती नवे शैक्षणिक संकुल उभारण्यात आले. आमच्या मते, शंभर वर्षांत शिकलेला हा मोठा धडा आहे.

असो. आता थोडे आमच्याविषयी. टेंपेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. तोवर लगतच्या घरांवरून विमाने घरघरत जात आणि तेथील भाडी त्यामुळे कमी असत. २०१० मध्ये धावपट्ट्या लोकांसाठी खुल्या झाल्या. आम्हीही एका संध्याकाळी तेथे पतंग उडताना पाहिले. विमानांचा गोंगाट गेला, चित्रकार आले, कॉफीची दुकाने आली, मागोमाग आमच्यासारखे प्रवासी आले आणि दहा-बारा वर्षांत नव्या करारांची भाडी दुपटीहून अधिक वाढली. राहती घरे प्रवाशांना देण्यावर २०१४ मध्ये कायद्याने बंधने आली. २०२० मध्ये बर्लिनने भाड्यावर कमाल मर्यादा घातली, ती २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्द केली. पन्नास वर्षे एका जिन्याने चढउतार केलेली माणसे आज जर बाहेर पडत असतील, तर त्यांना कोणी राजा वा हुकूमशहा हाकलत नाही. त्यांची जागा घेणारा माणूस सभ्य असतो, त्याला विविधतेचे कौतुक असते आणि त्याच्या हातात किल्ली असते.

निघण्याच्या दिवशी आम्ही घंटांची पाटी पुन्हा वाचली. आमच्या खोलीच्या बटणासमोर आमचे नाव कधीच नव्हते. तेथे एका जुन्या भाडेकरूचे आडनाव होते, अर्धे खरवडलेले. तो कोठे गेला, हे आम्ही शेजाऱ्यांना विचारले नाही. विचारावयास हवे होते.