तीन कचरे, एक भूमी: पालघर-बोईसर-तारापूर परिसरातील घनकचरा नियोजनाचा इतिहास

पालघर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्रकिनारा आणि लोहमार्ग यांच्यामधील अरुंद भूभागात, गेल्या सुमारे साठ वर्षांत तीन वेगवेगळ्या प्रकारचा घनकचरा निर्माण होऊ लागला. पहिला तारापूर अणुवीज केंद्रातील किरणोत्सारी कचरा, दुसरा औद्योगिक वसाहतीतील घातक कचरा आणि तिसरा पालघर, बोईसर व लगतच्या गावांतील घराघरांतून रोज बाहेर पडणारा साधा कचरा. यांपैकी पहिल्या दोन प्रकारांसाठी कायद्याने जबाबदार संस्था नेमली, अंतिम विल्हेवाटीची जागा ठरवली आणि खर्च कोणी सोसावा हेही निश्चित केले. तिसऱ्या कचऱ्यासाठी मात्र बोईसर परिसरात यांपैकी काहीही वेळेवर ठरले नाही आणि तो रस्त्याकडेला, नाल्याकाठी व मोकळ्या भूखंडांवर साठत व जळत राहिला. ज्या भूमीने सर्वांत धोकादायक कचऱ्याची व्यवस्था पाहिली, त्याच भूमीत सर्वांत साधा कचरा बेवारस का राहिला, याचे उत्तर येथील प्रशासकीय सीमांच्या इतिहासात शोधावे लागते.

उत्तर कोकणातील जुन्या शेतीव्यवस्थेत टाकाऊ वस्तूला ठरलेले स्थान होते. प्रत्येक घराच्या किंवा पाड्याच्या बाजूस उकिरडा असे, त्यात शेण, राख, केरकचरा व गुरांच्या गव्हाणीतील उरलेले गवत साठत जाई आणि पावसाळ्यापूर्वी ते कुजलेले खत शेतात पोहोचे. भाताच्या रोपांसाठी निवडलेल्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा आणि माती यांचे थर पसरून ते उन्हाळ्याच्या अखेरीस भाजण्याची जी पद्धत ‘राब’ म्हणून ओळखली जाते, तिच्यातही गावातील बराचसा वाळका पाला व शेण खपत असे. केळवे-माहीमच्या पानवेलींच्या व केळीच्या बागांना मासळीचे खत लागे आणि ते किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांमधून येई. प्लॅस्टिक, काच व रसायने यांचा वापर नगण्य असलेल्या या काळात कचऱ्यासाठी स्वतंत्र जागा राखण्याची गरज गावाला भासली नाही, कारण कचरा ज्या जमिनीतून निर्माण होई तिच्यातच तो परत जात होता.

स्थानिक स्वराज्याचे कायदे याच गृहीतकावर उभे राहिले. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा आणि जिल्हा नगरपालिकांचा असे दोन वेगळे कायदे झाले आणि शहरासाठी एक व खेड्यासाठी दुसरी अशी विभागणी कायम झाली. साफसफाई, मैला व केरकचरा वाहून नेणे ही मुख्यतः नगरपालिकेची कामे ठरली. १८६४ मध्ये मुंबई-सुरत मार्ग सुरू झाल्यावर व्यापार व वर्दळ हळूहळू लोहमार्गाकडे सरकली आणि कालांतराने तालुक्याचे ठाणे किनाऱ्यावरील माहीमहून पालघरला आले, तरी बोईसर हे खेडेच राहिले. महाराष्ट्राला वारशाने मिळालेल्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातही रस्ते व गटारे साफ ठेवणे आणि केर हलवणे ही पंचायतीची कर्तव्ये होती, परंतु हलवलेला केर अखेरीस कोठे न्यायचा हा प्रश्न त्या कायद्यासमोर नव्हता, कारण उकिरडा आणि शेत अजून जवळच होते.

ही स्थिती १९६० च्या दशकात बदलली. तारापूरजवळच्या किनाऱ्यावर देशातील पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले आणि १९६९ मध्ये त्याच्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे २००५ व २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. दरम्यान १९६१ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, १९७० च्या दशकात बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत वसवली आणि तिथे रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे शेकडो कारखाने आले. वसाहतीच्या हद्दीत रस्ते, पाणी व भूखंड यांचे नियोजन महामंडळाकडे गेले. मात्र कारखान्यांत काम करणारी माणसे राहिली ती हद्दीबाहेर, बोईसर, सरावली, खैरा, कोलवडे, कुंभवली, पास्थळ व सालवड या गावांमधील चाळींत आणि नव्या इमारतींत. रोजगार एका संस्थेच्या हद्दीत आणि त्या रोजगारावर जगणाऱ्यांचा कचरा दुसऱ्या संस्थांच्या हद्दीत, अशी फाळणी येथूनच सुरू झाली.

पहिल्या दोन कचऱ्यांची व्यवस्था कशी लागली हे पाहणे बोधप्रद आहे. अणुऊर्जेचा विषय संपूर्णपणे केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्यामुळे, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १९८७ मध्ये किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम झाले आणि अणुवीज केंद्रातील कमी तीव्रतेचा घन कचरा त्या केंद्राच्याच आवारात, जमिनीलगत बांधलेल्या काँक्रीटच्या कोठारांत साठवण्याची पद्धत रूढ झाली. घातक औद्योगिक कचऱ्याचा प्रश्न १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर ऐरणीवर आला. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे नियम आले आणि त्यांनी विल्हेवाटीच्या जागा शोधण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. अशी जागा प्रत्येक वसाहतीत न शोधता अनेक वसाहतींसाठी एक सामाईक केंद्र उभारायचे, कारखान्याने कचऱ्याच्या वजनानुसार शुल्क भरायचे आणि प्रत्येक खेपेची नोंद ठेवायची, असे तत्त्व महाराष्ट्रात स्वीकारले गेले. त्यानुसार तारापूरचा घातक कचरा रायगड जिल्ह्यातील तळोजा येथील सामाईक केंद्राकडे जाऊ लागला.

ही व्यवस्था निर्दोष ठरली असे मात्र म्हणता येत नाही. हवा, पाणी व जमीन यांच्या प्रदूषणाचा एकत्रित निर्देशांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये प्रथम काढला, तेव्हा तारापूर अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत होते आणि २०१८ च्या निर्देशांकात ते ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर आले. सांडपाण्यामुळे खाड्यांतील मासळीवर होणाऱ्या परिणामांविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली. तरीही नियमभंग झाला तर जबाबदार कोण, हे या दोन्ही कचऱ्यांच्या बाबतीत कायद्याने सांगता येते. घरगुती कचऱ्याच्या बाबतीत बोईसरमध्ये हेच सांगता येत नव्हते.

त्याचे मूळ राज्यघटनेच्या दोन अनुसूचींत आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या विषयांच्या यादीत, घनकचरा व्यवस्थापन हे शब्द स्पष्टपणे आहेत. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या यादीत, आरोग्य व स्वच्छता एवढाच उल्लेख आहे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेच्या पार्श्वभूमीवर केंद्राने २००० मध्ये जे घनकचरा नियम केले, तेही केवळ नागरी संस्थांना लागू होते. परिणामी पालघर नगरपरिषदेवर वर्गीकरण, प्रक्रिया व शास्त्रोक्त भराव यांचे बंधन आले, तर बारा-तेरा किलोमीटरवरचे बोईसर त्यातून सुटले. २०११ च्या जनगणनेत पालघर शहराची लोकसंख्या ६८,९३० आणि बोईसरची ३६,१५१ होती, आणि बोईसरची नोंद ‘जनगणना नगर’ अशी झाली होती. किमान ५,००० वस्ती, प्रति चौरस किलोमीटर किमान ४०० घनता आणि पुरुष कामगारांपैकी किमान तीन चतुर्थांश बिगरशेती कामात असलेले, परंतु कारभाराने ग्रामपंचायतच राहिलेले गाव म्हणजे जनगणना नगर. वस्ती शहराची आणि अधिकार खेड्याचे, अशा या अवस्थेत बोईसरच्या कचऱ्याचे प्रमाण वाढत गेले, आणि नगरपरिषदेची मागणी वर्षानुवर्षे होत राहिली.

जागेचा प्रश्न त्याहून कठीण होता. शास्त्रोक्त भरावभूमी म्हणजे ज्या खड्ड्याच्या तळाशी पाणी न झिरपणारे अस्तर असते आणि कचऱ्यातून निथळणारे दूषित पाणी गोळा करून शुद्ध केले जाते अशी जागा. २००० च्या नियमांनी या अस्तरासाठी किमान ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर व त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा सांगितला आणि भूजलाची सर्वोच्च पातळी अस्तराच्या तळापासून किमान दोन मीटर खाली असावी अशी अट घातली. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि खाड्यांनी व खाजणांनी वेढलेल्या या सखल पट्ट्यात, जिथे पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात, तिथे ही एकच अट बहुतेक जमीन बाद करते. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीच्या पट्ट्यात शहरी कचरा टाकण्यास मनाई केली. त्याच वर्षी २० जूनच्या अधिसूचनेने उत्तरेकडील संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. पूर्वेकडे वनजमीन व अनुसूचित क्षेत्रातील गावे आहेत, जिथे १९९६ च्या पेसा कायद्याने जमिनीविषयीच्या निर्णयात ग्रामसभेला मानाचे स्थान दिले. अणुवीज केंद्राभोवती सुमारे दीड किलोमीटरचे वर्जित क्षेत्र आणि त्यापुढे पाच किलोमीटरपर्यंत वाढीवर नियंत्रण असलेले क्षेत्र आहे. यांपैकी प्रत्येक सीमा योग्य कारणासाठी आखली गेली. पण त्या सर्वांची एकत्र बेरीज करून उरलेल्या जमिनीत कचऱ्यासाठी जागा राखण्याचे काम मात्र कोणत्याही एका संस्थेकडे नव्हते.

शेजारच्या शहरांचा अनुभवही गावकऱ्यांना धीर देणारा नव्हता. मुंबईची देवनार क्षेपणभूमी १९२७ मध्ये सुरू झाली. तिथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या मोठ्या आगीनंतर उच्च न्यायालयाने मुंबईतील नव्या बांधकामांवर निर्बंध घातले, आणि त्याआधी २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीवरही कचऱ्याची नियमानुसार विल्हेवाट न लावल्यामुळे तशी वेळ आली होती. याच जिल्ह्यातील वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या गोखिवरे येथील क्षेपणभूमीवर कचऱ्याचे डोंगर वाढत गेले. मुंबईसाठी अंबरनाथ तालुक्यातील करवले येथे ठरवलेली जागा अनेक वर्षे अडकून पडली. शहराने आपला कचरा गावाच्या माथी मारायचा आणि प्रक्रियेचे आश्वासन कागदावर ठेवायचे, हा अनुभव ज्यांनी पाहिला त्या गावांनी प्रकल्पास विरोध केला तर त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. भरावभूमीची जागा केवळ भूगर्भशास्त्राने ठरत नाही, ज्या संस्थेकडे ती सोपवायची तिच्या शब्दावर लोकांचा विश्वास असावा लागतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि निर्णयाचे केंद्र जवळ आले. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी मोठी उणीव भरून काढली. हे नियम जनगणना नगरे व औद्योगिक वसाहतींनाही लागू झाले. जागा शोधून उपलब्ध करून देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आले आणि पाच लाखांहून कमी वस्तीच्या संस्थांनी मिळून सामाईक प्रादेशिक भरावभूमी उभारावी असे ठरले. औद्योगिक वसाहतीत किमान पाच टक्के क्षेत्र किंवा निदान पाच भूखंड पुनर्वापर केंद्रासाठी राखावेत, हेही त्यात आले, परंतु तारापूरची आखणी त्याच्या सुमारे चार दशके आधीच होऊन चुकली होती. निधीचे गणितही अपुरे राहिले. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० हून अधिक वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ४५ रुपये ठरले. या दराने बोईसरच्या २०११ च्या लोकसंख्येवर सुमारे सव्वासोळा लाख रुपये होतात, आणि तेवढ्यात एवढ्या वस्तीची वाहने, प्रक्रिया केंद्र व भरावभूमी यांची तरतूद होणे अशक्य आहे.

तरीही प्रादेशिक सहकार्य ही कल्पना या भूमीला परकी नाही. सूर्या प्रकल्पाचे पाणी धामणी धरणातून नदीने खाली येते आणि मासवण येथून उचललेले पाणी ‘पालघर व २६ गावे’ या एकाच योजनेतून नगरपरिषदेला व खेड्यांना मिळते. पाणी आणताना शहर व गाव यांची सीमा आड आली नाही. वापरून झालेल्या वस्तू बाहेर पडताना मात्र प्रत्येक संस्था एकटी राहिली. घटनेच्या कलम २४३ यघ ने स्थापलेल्या जिल्हा नियोजन समितीकडे पंचायती व नगरपालिका यांच्या सामाईक पायाभूत सोयींचा व पर्यावरण रक्षणाचा एकत्र विचार करण्याचे काम आहे आणि घरगुती कचऱ्याचा प्रादेशिक आराखडा तिच्याच कक्षेत बसतो.

अशा आराखड्याची तत्त्वे येथील इतिहासानेच पुरवली आहेत. ओला कचरा घराच्या व वस्तीच्या जवळच खत व्हावा, हे उकिरड्याच्या काळात सिद्ध झाले होते आणि ते पाळले तर भरावभूमीकडे नेण्याचा कचरा बराच कमी होतो. उरलेल्या कचऱ्यासाठी सामाईक केंद्र, वजनानुसार शुल्क आणि प्रत्येक खेपेची नोंद हा नियम घातक कचऱ्यासाठी आधीच लागू आहे. ज्या उद्योगांमुळे ही वस्ती वाढली त्यांनी व त्यांच्या महामंडळाने खर्चाचा वाटा उचलणे न्याय्य आहे. ज्या गावाच्या शिवारात केंद्र उभे राहील त्याच्या ग्रामसभेला आधी पूर्ण माहिती, मग संमतीचा अधिकार आणि नंतर देखरेखीत कायमचे स्थान मिळाले पाहिजे. वाढवण बंदरासारख्या प्रकल्पांमुळे या पट्ट्यातील वस्ती आणि जमिनीची मागणी यापुढे वेगाने वाढणार आहे. १९७० च्या दशकात वसाहत आखताना कचऱ्याची जागा आखली गेली नाही, याची किंमत दोन पिढ्यांनी धूर व दूषित नाल्यांच्या रूपात मोजली आहे. पुढच्या आखणीत ती जागा रस्ता आणि पाणी यांच्याबरोबरच, सर्वांत आधी ठरली पाहिजे.