नवख्या क्वार्टरबॅकला पहिली संधी कधी द्यावी?

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार. नवखा असेल तर त्याला लगेच खेळवायचं की आधी बाकावर बसवून शिकवायचं?

२००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने डेव्हिड कारला पहिल्याच सामन्यापासून उतरवलं. त्याला वाचवणारी फळी कच्ची होती. त्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला चेंडूसह ७६ वेळा पाडलं. उलट, कॅन्सस सिटी चीफ्सने २०१७ मध्ये पॅट्रिक माहोम्सला अनुभवी अॅलेक्स स्मिथच्या मागे ठेवलं आणि फक्त शेवटचा साखळी सामना दिला. पुढच्या मोसमात त्याने ५० टचडाउन पास फेकले.

पेटन मॅनिंग मात्र १९९८ मध्ये चुका करतच शिकला. म्हणून आधी दोन गोष्टी पाहाव्यात: समोरच्या बचावाची चाल त्याला ओळखता येते का, आणि त्याला वाचवणारी फळी भक्कम आहे का?