हिंगोलीची छावणी आणि पैनगंगेची सीमा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, एवढी माहिती आमच्या बहुतेक सुशिक्षित वाचकांस असते. आणि त्यापूर्वी या प्रदेशास स्वतःचा असा इतिहासच नसावा, अशीही त्यांची समजूत दिसते. ती आम्हांस मान्य नाही. मराठवाडा आणि वऱ्हाड ही जी दोन मराठी घरे आज आपण स्वयंसिद्ध मानून चालतो, त्यांच्यामधील भिंत उभी राहण्यास जी कारणे घडली, त्यांपैकी एक प्रमुख कारण याच गावच्या माळावर राहुट्या ठोकून बसले होते. ते कारण म्हणजे हैदराबादची कंटिन्जंट फौज.

प्रथम भूमीकडे पाहू. क्षेत्र सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटर. २०११ च्या खानेसुमारीत वस्ती ११,७७,३४५, आणि तीत शहरवासी शंभरांत पंधरांच्या आसपास. उत्तरेस पैनगंगा, नैर्ऋत्येस पूर्णा, मधोमध कयाधू. कयाधू वाशिमकडील डोंगरांत उगम पावते, सेनगाव, हिंगोली व कळमनुरी या तालुक्यांतून वाहत जाऊन पैनगंगेस मिळते. वसमतकडचा पाऊस पूर्णेवाटे गोदावरीस लवकर पोहोचतो. हिंगोलीकडचा पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा दूरचा वळसा घेऊन अखेर त्याच गोदावरीत पडतो. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य असलेली नरसी या कयाधूकाठीच आहे, आणि औंढ्याच्या नागनाथाचे यादवकालीन शिल्प तेथून फार दूर नाही. पैनगंगा ओलांडणे म्हणजे परमुलखात पाऊल टाकणे, असे १८५३ पूर्वी येथील कोणाही शेतकऱ्यास अगर वारकऱ्यास वाटले नसेल.

आता फौजेची हकीकत. १८०० च्या तहान्वये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. शिवाय युद्धप्रसंगी आपले ६,००० पायदळ व ९,००० स्वार मदतीस देण्याचे मान्य केले. ‘युद्धप्रसंगी’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. १८११ ते १८२० या काळात हैदराबादेस रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने या मदतीच्या सैन्याचे रूपांतर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कवायती खड्या फौजेत केले. तिजोरी निजामाची, हुकूम रेसिडेंटचा. आणि खर्च बारमाही. दिवाण चंदुलालाने यास हरकत घेतली नाही. त्याची स्वतःची गादीच रेसिडेंटच्या मर्जीवर टिकून होती. पेंढाऱ्यांचा व पेशव्यांचा मोड झाल्यावर ही फौज बोलारम, मोमिनाबाद, औरंगाबाद, एलिचपूर इत्यादी ठिकाणी पसरली, तशी हिंगोलीसही तिची छावणी झाली. हा टापू हटकर नाइकांच्या गढ्यांचा. त्यांपैकी नौसाजी नाइकाच्या नाव्ह्याच्या गढीस मेजर पिटमनने १८१९ च्या जानेवारीत वेढा घालून ती मोठ्या रक्तपातानंतर घेतली. बंडे मोडली, तरी फौज मात्र हलली नाही.

फौजेबरोबर सदरबाजार आला, सराफ आले, कापडवाले आले. या बाजाराची एक विलक्षण कथा मेडोज टेलरने आपल्या १८३९ च्या ठगाच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत नमूद केली आहे. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केला होता. हा गृहस्थ त्या भागातील ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून कापड आणावयाचे आहे म्हणून त्याने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याजकडून रीतसर परवाना घेतला. वाटेत त्या मालाच्या खऱ्या धन्याचा व त्याच्या नोकरांचा गळा आवळला. आणि तेच कापड सरकारी परवान्यावर छावणीत आणून उघड विकले. मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर प्रेते पुरलेली सापडली! ज्या फौजेच्या खर्चापायी एक राज्य कर्जबाजारी होत होते, तिच्या पहाऱ्याची ही मातबरी.

कर्ज मात्र वाढतच गेले. १८५३ पर्यंत फौजेच्या थकबाकीचा आकडा अर्ध्या कोटीच्या घरात पोहोचला. शांततेच्या काळात अशी फौज पोसण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर घातले नव्हते, हे कलकत्त्याच्या दप्तरासही ठाऊक होते. तरी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे सुमारे पन्नास लाख उत्पन्नाचे प्रांत नासिरुद्दौल्याकडून लिहून घेण्यात आले. तहानंतर थोड्याच दिवसांत दिवाण सिराजुल्मुल्क वारला. १८६० साली कर्ज माफ होऊन इतर प्रांत परत मिळाले. वऱ्हाड राहिले ते राहिलेच. १९०२ मध्ये सालिना पंचवीस लाखांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. ज्या छावणीचा पगार चुकविण्यासाठी वऱ्हाड गेले, त्याच छावणीच्या उत्तरेस काही कोसांवर त्या वऱ्हाडची हद्द येऊन ठेपली!

पुढील पन्नास वर्षांत दोन काठांचे प्रारब्ध वेगळे झाले. पलीकडे मुंबईच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली, मराठी शाळा निघाल्या, १८६७ पर्यंत नागपूरची आगगाडी अकोल्यावरून धावू लागली. अलीकडे दरबारची भाषा फारसी जाऊन उर्दू आली. हिंगोलीचा कापूस बैलगाड्यांनी वाशिमवरून अकोल्यास जाई. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन होऊन छावणी उठली. पण पेठ कापसावर तगली, आणि १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रेल्वे आली. तीही वऱ्हाडाच्या तोंडाशी येऊन थांबली. पुढचा सांधा स्वातंत्र्यानंतर जुळला. १५ ऑगस्ट १९४७ चा झेंडा पैनगंगेच्या त्या तीरावर लागला, तेव्हा या तीरावर रझाकारांचा धुमाकूळ होता. त्या तेरा महिन्यांत निजामाच्या मुलखातील माणसे नदी ओलांडून आश्रयास गेली, आणि उमरखेडसारख्या ठिकाणच्या शिबिरांतून लढ्यास बळ मिळाले. कर्जाने आखलेली रेषा त्या वेळी अनेकांच्या प्राणावर उपकार करून गेली, हेही नमूद केलेच पाहिजे.

आजची संपत्ती पूर्णेच्या खोऱ्यात आहे. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याने वसमतला ऊस, केळी आणि विशेषतः हळद पिकू लागली. हळदीसंबंधी सांगलीचे नाव सर्वतोमुखी. परंतु वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याची वार्ता पुण्या-मुंबईच्या वाचकांपर्यंत पोहोचली असेल किंवा नाही याची आम्हांस शंका आहे. औंढ्याजवळ दुधाळा येथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा योजिली आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये तीस २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशा यंत्रास गलबला नसलेली, स्थिर भूमी लागते. उद्योगधंदे न आल्यामुळे लाभलेली शांतता अशी एकदा तरी उपयोगी पडत आहे.

परंतु १८५३ ची रेषा अद्याप पुसलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकालीन दप्तरांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. विदर्भातील पुष्कळ मराठा घराण्यांची नोंद कुणबी म्हणून पूर्वीपासूनच आहे; मराठवाड्यातील त्यांच्याच सोयऱ्यांना तसा कागद सापडणे कठीण जाते. मागणीच्या गुणावगुणांत आम्ही येथे शिरत नाही. इतकेच सांगतो की, सोयरीक जुळविताना जे लोक पैनगंगेस कधी हद्द मानीत नाहीत, ते आज तहसिलीच्या ओट्यावर मोडी आणि उर्दू जाणणारा माणूस हुडकीत बसले आहेत, आणि असा माणूस तालुक्यात एखाददुसराच सापडतो.