मुद्देमाल नष्ट करण्यात यावा

फौजदारी खटल्याचा निकाल पेपरवाले शिक्षेपर्यंत वाचतात, वकील अपिलाची मुदत बघण्यापुरता. शेवटचा परिच्छेद नीट वाचणारा कोर्टात एकच माणूस, नाझर. 'मुद्देमाल किमतीचा नसल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात यावा.' माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या नाझर शाखेत गेली. हे वाक्य मला झोपेतून उठवलंत तरी म्हणता येईल.

मुद्देमालाची खोली म्हटलं की लोकांना काचेच्या कपाटातला रक्ताळलेला सुरा दिसतो. आमच्याकडे काचेचं कपाट नव्हतं. लोखंडी मांडण्या होत्या, त्यावर खाकी कागदात गुंडाळलेले कोयते, कुऱ्हाडी, उखळाच्या मुसळापासून पाट्यावरच्या वरवंट्यापर्यंत काहीही. भाग उसाचा, त्यामुळे कोयता सगळ्यात जास्त. प्रत्येकाला सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील आणि खळीने चिकटवलेली चिठ्ठी: पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, जप्तीची तारीख, दोन पंचांच्या सह्या. लाखेला उंदीर तोंड लावत नाहीत, पण खळ त्यांना फार आवडते. एक कोयता मला अजून आठवतो. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च आवळलेली, बाकदार पात्याला दात पडलेला. चिठ्ठीतलं उरलं होतं ते एका पंचाच्या अंगठ्याचं अर्धं निशाण. कुणाचा, कुणावर, कधी, काहीच कळेना. चिठ्ठी गेली की पुरावा संपतो आणि नुसता कोयता उरतो.

ही चिठ्ठी-लाखेची पद्धत इंग्रजी अमलातली. १८७२च्या पुरावा कायद्याच्या २७व्या कलमाने, आरोपीने पोलिसांना सांगितलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात घेता येऊ लागला. 'हत्यार काढून देतो' हे निवेदन तेव्हापासून पंचनाम्यात ठाण मांडून बसलंय. नवीन कायद्यात कलमाचा नंबर बदलला, निवेदन तेच आहे.

पण देशाच्या इतिहासातली हत्यारं तरी नीट ठेवली असतील, असं कुणाला वाटेल. १७ डिसेंबर १९२८ला लाहोरात इंग्रज पोलीस अधिकारी सँडर्सवर गोळ्या झाडल्या त्या आपल्या खेडच्या राजगुरूंनी आणि भगतसिंगांनी. भगतसिंगांचं कोल्ट कंपनीचं .३२ बोअरचं पिस्तूल खटल्यात आलं. २३ मार्च १९३१ला फाशी झाली आणि त्याच वर्षी कोर्टाच्या हुकमाने पिस्तूल फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण शाळेकडे गेलं. तिथून साठच्या दशकाच्या अखेरीस सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्रशाळेत, इतर जुन्या हत्यारांच्या घोळक्यात. गंज लागू नये म्हणून कुणीतरी सगळ्यांना काळा रंग फासला. हेतू चांगलाच, पण त्या रंगाखाली नंबरच बुजला. जवळजवळ अर्धं शतक जवान त्याच्यासमोरून ये-जा करत असतील. कागदपत्रांचा माग काढत लोक तिथवर पोचले, रंग खरवडला, तेव्हा खाली १६८८९६ हा आकडा निघाला. २०१७ साली ते लोकांसमोर मांडलं गेलं. फॅक्टरीत पोलादावर ठोकलेला तो आकडा नसता, तर माझ्या कोयत्यासारखंच त्याचं झालं असतं. उंदरांना पोलाद खाता येत नाही, हे आपलं नशीब!

चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल तर खटल्यापर्यंत पोचलंच नाही. २७ फेब्रुवारी १९३१ला अलाहाबादच्या बागेत पोलिसांशी झालेल्या चकमकीत आझाद गेले आणि तिथला पोलीस अधिकारी नॉट-बॉवर ते पुढे इंग्लंडला घेऊन गेला. स्वातंत्र्यानंतर ते परत मिळवावं लागलं. आज ते त्याच बागेतल्या अलाहाबाद संग्रहालयात आहे. साहेबाने हौसेने नेलं म्हणून टिकलं, हे कबूल करताना जीभ जड होते खरी.

हत्याराभोवती गर्दी जमते, पण निकाल बरेचदा चिंधीवर ठरतो. मुंबईतलं नानावटी प्रकरण घ्या. २७ एप्रिल १९५९ला नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. रिव्हॉल्व्हर नौदलाच्या जहाजावरच्या भांडारातून घेतलेलं, सोबत सहा गोळ्या, आणि ते नेलं होतं तपकिरी पाकिटात, ज्यावर त्यांचंच नाव लिहिलेलं. बचाव असा की झटापटीत गोळ्या सुटल्या. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. पण आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता आणि कमरेला गुंडाळलेला टॉवेल मेल्यावरही जागचा हलला नव्हता. झटापट झाली तर टॉवेल सुटणार नाही? हा प्रश्न त्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जड ठरला. सत्र न्यायाधीशांनी ज्युरीचं मत अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मुंबईच्या फूटपाथवर तेव्हा 'आहुजा टॉवेल' म्हणून टॉवेल विकले जात होते. आम्हा नाझर मंडळींच्या हिशेबात मात्र टॉवेल म्हणजे किमतीचा नसलेला मुद्देमाल.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं की जप्त वस्तू ठाण्यात कुजवत ठेवू नका, पंचनामा आणि फोटो करून लवकर मोकळ्या करा. गंजलेल्या गाड्यांच्या रांगा पाहिलेला कुणीही याला मान डोलावेल. जागा नाही, माणसं नाहीत, मीही पंचांसमोर कपड्यांचे ढीग जाळलेत आणि रजिस्टरला 'निकाली' लिहिलंय. त्याचं वाईट वाटत नाही, सगळं ठेवायचं ठरवलं तर कोर्टाला बसायला जागा उरणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की खटला संपल्यावर मुद्देमालाचं काय करायचं, याचे तीन रस्ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५२व्या कलमाने दिले होते: नष्ट करणे, सरकारजमा करणे, किंवा हक्कदाराच्या स्वाधीन करणे. नव्या संहितेत ते कलम ४९८ आहे. आपण सवयीने पहिल्या रस्त्याला लागतो. न्यायाधीशसाहेबांनी शेवटचा परिच्छेद सांगताना आणि नाझरांनी काडी ओढण्याआधी, गाजलेल्या खटल्यांपुरती तरी यादी पुराभिलेख विभागाला दाखवावी. आणि वस्तू ठेवणार असाल, तर आधी तिची चिठ्ठी जपा.