शब्दवेध : सेव्हरचा ‘डिसीज’

भिलाईतल्या स्मृति नगरच्या मैदानावर दहा वर्षांचं मूल मनसोक्त धावतं आणि खेळ संपताच टाच टेकेनासं होतं. भिलाईच काय, कुठल्याही गावी या दुखण्याला कागदावर एकच नाव मिळतं: ‘सेव्हर्स डिसीज’. बोस्टनचे अस्थितज्ज्ञ जेम्स सेव्हर यांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. पण ‘डिसीज’ ऐकून आईबापांच्या पोटात गोळा येतो, आणि तो शब्दच इथे चुकीचा आहे. शास्त्रीय नाव ‘कॅल्केनियल अपोफिसायटिस’ अधिक खरं बोलतं. लॅटिनमध्ये ‘कॅल्क्स’ म्हणजे टाच, ग्रीकमध्ये ‘अपोफिसिस’ म्हणजे हाडातून पुढे वाढलेला भाग. साधारण ८ ते १४ या वयात टाचेच्या मागच्या बाजूला वाढीची कूर्चा असते. पोटरीची कंडरा तिला ओढते, उड्यांचे हादरे तिच्यावर बसतात. दोन्ही बाजूंनी टाच दाबली की मूल कळवळतं.

रोग नाही म्हटलं तर पालक दुर्लक्ष करतील, हा आक्षेप रास्त आहे. पण योग्य नाव उपायही सुचवतं: धावणं-उड्या काही काळ कमी करणं, खेळानंतर बर्फाचा शेक, पोटरी ताणण्याचे व्यायाम, बुटात टाचेखाली मऊ गादी. अनवाणी किंवा झिजलेल्या बुटांनी खेळणं टाळावं. रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप, लाली वा सूज असेल तर मात्र डॉक्टर गाठावेच. एरवी वाढ पूर्ण होऊन कूर्चेचं हाड झालं की हे दुखणं कायमचं जातं. म्हणून मुलाला ‘तुला रोग आहे’ असं न सांगता ‘तुझी टाच वाढते आहे’ असं सांगावं.